ताडोबा, भिगवण आणि कोकणकडा: सव्वा लाखात कोणत्या लेन्स घ्याव्यात?

माळटिटवी

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं माझ्याकडे निकॉन डी ७२०० आहे, सोबत १८-५५ किट लेन्स आणि जुनी ७०-३०० व्हीआर (आकडे मिलिमीटरचे; आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). एवढ्यावर बरंच निभावलं. राजगड, कासचं पठार, घरामागचे बुलबुल आणि शिंजीर, सगळं यातच.

या जानेवारीत भिगवणला गेलो आणि पहिल्यांदा हात तोकडे पडले. बोटीपासून साधारण तीस मीटरवर पाण्यातल्या एका सुकलेल्या काठीवर ऑस्प्रे हा शिकारी पक्षी पायात मासा घेऊन बसला होता. ऊन पाठीशी, पाणी शांत. ३०० वर भराभर वीस फोटो काढले. घरी मोठे करून पाहिले, तर डोळा कुठे आहे ते कळतं, पण डोळ्यात जीव नाही. मानेवरची पिसं एकमेकांत मिसळलेली. तो फोटो अजून मनातून जात नाही.

मे महिन्यात मोहर्लीकडून ताडोबाच्या दोन सफारी ठरल्या आहेत. सव्वा लाख रुपये बाजूला काढलेत. डोक्यात निकॉन २००-५०० एफ ५.६ आहे (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं आणि उजेड जास्त), सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी आहे. एक मित्र म्हणतो टॅमरॉन १८-४०० घे आणि मोकळा हो. दुसरा म्हणतो सगळं विकून मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर जा. शिवाय कोकणकड्यासाठी एक वाइड अँगल हवीच आहे. पुन्हा पुन्हा खर्च करणं जमणार नाही, म्हणून एकदाच नीट घ्यायचंय. तुम्ही काय वापरता, आणि आज पुन्हा घ्यायचं झालं तर तेच घ्याल का?

चंद्रपूरकर

मे महिना म्हणताय म्हणून आधी हवेचं सांगतो. आमच्याकडे तेव्हा पारा पंचेचाळीसच्या पुढे असतो. सकाळी गेट उघडल्यापासून पहिले दोन-अडीच तास हवा स्थिर असते. नंतर जमिनीवरून वाफा निघाव्यात तशी हवा थरथरते आणि लांबचा फोटो कुठल्याही लेन्सने काढा, तो पाण्याखालून काढल्यासारखाच येतो. लोक समजतात लेन्समध्ये दोष आहे. लेन्स जितकी लांब तितका तो थरथराट मोठा दिसतो. दुपारच्या सफारीत पाणवठ्यापलीकडे शंभर मीटरवर बसलेल्या वाघाचे दोनशे फोटो काढण्यापेक्षा दुर्बिणीतून बघा आणि ऊन कलायची वाट पाहा.

दुसरं, आमचे वाघ जिप्सीला बुजत नाहीत. रस्त्यावरून समोर चालत येतात. अशा वेळी ५०० नाही, १०० लागते.

घाटवळण

२००-५०० घ्या. माझ्याकडे पाच वर्षं आहे. पूर्ण झूममध्ये ५.६ कायम राहतो आणि तुमच्या बॉडीवर लहान सेन्सरमुळे मिळणारा दीडपट क्रॉप धरून ७५० सारखी दिसते.

पण आधी वजन समजून घ्या. लेन्स २.३ किलो, वर बॉडी, म्हणजे तीन किलोच्या आसपास. झूम रिंग फार फिरते. २०० वरून ५०० ला जायला एका हातात दोन हिसके लागतात. समोर पक्षी उडाला तर झूम करत बसण्याएवढा वेळ नसतो. मी आधीच ५०० वर ठेवतो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये पक्षी शोधायचा सराव घरासमोरच्या घारींवर करतो.

शटरसम्राट

पक्ष्यांना ६०० च्या खाली काही नाही. सिग्मा घ्या. शंभर मिलिमीटर फुकट मिळतात.

गणितमास्तर

शटरसम्राट, फुकट नाहीत. ५०० ते ६०० म्हणजे फक्त १.२ पट. त्यासाठी ५.६ चा ६.३ होतो, एक तृतीयांश स्टॉप, म्हणजे साधारण पाचवा हिस्सा उजेड जातो. सूर्योदयाच्या वेळी भिगवणच्या बोटीत तो जाणवतो. सिग्मा वजनाने हलकी आहे, दोन किलोच्या आत, आणि हा मात्र खरा फायदा आहे.

माळटिटवी, तुमच्या ऑस्प्रेचं गणित करून पाहिलं. ३०० वरून ५०० ला गेलात तर पक्षी १.६७ पट मोठा दिसेल आणि त्याच्यावर पडणारे पिक्सेल जवळजवळ पावणेतीन पट होतील. म्हणजे पिसं सुटी दिसतील. पण हाच परिणाम ३०० ठेवून तीस मीटरऐवजी अठरा मीटरवर गेल्यानेही मिळतो. तुम्ही सव्वा लाखातला मोठा हिस्सा देऊन बारा मीटर विकत घेणार आहात. कधीकधी ते बारा मीटर दुसऱ्या मार्गानेही मिळतात.

माळटिटवी

बारा मीटर! हे असं कधी पाहिलंच नव्हतं. दुसरा मार्ग म्हणजे काय, तेही सांगा. नावाड्याला जवळ घ्या म्हटलं की पक्षी उडतो, हा माझा अनुभव आहे.

खाडीकाठ

मी ऐरोलीत राहते. दुसरा मार्ग म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक.

ठाणे खाडीतले रोहित ओहोटीला दूर चिखलात पसरलेले असतात. तिथे ८०० ची लेन्सही गुलाबी ठिपकेच देते. पाणी चढू लागलं की ते काठाकडे सरकतात, आणि पूर्ण भरतीला नवी मुंबईतल्या पाणथळ जागांवर येऊन विसावतात. काठावर गुपचूप बसून राहिलं तर तेच चालत जवळ येतात. माझ्याकडे फक्त ७०-३०० आहे आणि माझ्या भिंतीवर रोहिताच्या डोळ्याचा फोटो आहे. हलक्या पिवळ्या रंगाचा डोळा, त्यात काठावरची झुडपं दिसतात.

भिगवणलाही तसंच. नावाड्याला "जवळ घ्या" म्हणू नका, "थांबा" म्हणा. बांबू चिखलात रोवून वीस मिनिटं बोट स्थिर ठेवायला सांगा. पक्ष्याला बोटीची भीती वाटते ती तिच्या सरळ अंगावर येण्याची. आणि बोटीत खाली बसा. पाण्यालगत कॅमेरा आला की मागचं पाणी धूसर होतं आणि पक्षी त्यातून उठून दिसतो. उभं राहून काढलेल्या फोटोत पक्ष्याच्या डोक्यावरून चिखल दिसतो.

घाटवळण

खाडीकाठताईंना अनुमोदन. मी पाच वर्षांत जे शिकलो ते तुम्ही एका परिच्छेदात सांगितलंत.

निवृत्त_शिक्षक

माझ्याकडे निकॉन पी ९०० आहे. वयाच्या बासष्टाव्या वर्षी दोन-तीन किलो गळ्यात घालून चालणं जमत नाही. २००० मिलिमीटरइतकी झूम आहे, सेन्सर बारीक आहे, पहाटे फोटोत दाणे येतात, सगळं मान्य. पण नांदूर मध्यमेश्वरला दूरवरच्या बदकाच्या पंखावरची पट्टी दिसते, ओळख पटते, नोंद होते. इतक्या वर्षांच्या नोंदींत कुठला पक्षी कधी आला, कधी यायचा थांबला, हे दिसू लागलंय. माझं काम त्यावर चालतं. प्रत्येकाला फ्रेम करून लावायचा फोटो हवा असतो असं नाही.

गणितमास्तर

सर, तुमच्या नोंदींना शंभर नमस्कार. तुमच्या कामाला तोच कॅमेरा योग्य आहे.

भटकी_मुक्ता

१८-४०० वर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्याकडे आहे. सुमारे सातशे ग्रॅम. ट्रेकला एकच लेन्स, धुळीत बदलायची गरज नाही. कड्यावर १८, समोर सर्पगरुड आला की ४००. छोट्या छपाईला छान. पण ४०० ला कडा मऊ पडतात आणि सावलीतल्या पक्ष्यावर फोकस चाचपडतो. ज्याला ऑस्प्रेच्या मानेवरची पिसं हवीत, त्याचं समाधान होणार नाही. मित्राने सांगितलं ते प्रवासासाठी बरोबर, तुमच्यासाठी नाही.

शटरसम्राट

मिररलेसवरच जा हो. प्राण्याचा डोळा आपोआप पकडतो. तुमच्यासारख्या आरशाच्या डीएसएलआरमध्ये पैसे घालणं म्हणजे मागे जाणं.

घाटवळण

डोळा पकडतो हे खरं, आणि उडत्या पक्ष्यांना त्याचा फार उपयोग होतो. पण २०२३ मध्ये आलेली झेड माउंटची, म्हणजे निकॉनच्या मिररलेसची, १८०-६०० आणि सोबत बॉडी, दोन्ही सव्वा लाखात नव्याने बसत नाहीत. उलट २००-५०० उद्या अडॉप्टर लावून झेड बॉडीवर ऑटोफोकससह चालते. आज लेन्स, नंतर बॉडी, हा क्रम मला योग्य वाटतो. शिवाय सगळे मिररलेसवर जात असल्यामुळे या लेन्स सेकंडहँड बाजारात भरपूर आल्यात.

कॅननवाला

मला वजन झेपत नाही म्हणून आरएफ ८०० एफ ११ घेतली. सव्वा किलो. भिगवणच्या लख्ख उन्हात मजा येते. दाट झाडीत पहाटे तिचा उपयोग नाही, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) कुठच्या कुठे जातो आणि फोटोत दाणे येतात.

कोकणकडा_प्रेमी

सगळे पक्ष्यांवर तुटून पडलेत, धाग्याच्या नावात कोकणकडाही आहे!

माळटिटवी, वाइड अँगल "हवीच" असं का ठरवलंत? मीही तसंच ठरवून ११-१६ घेतली आणि पहिल्या वेळी कड्यावर उभा राहून ११ ने फोटो काढला. समोरचा सगळा कोकण एका पट्टीत गेला. डोंगर टेकड्या झाले, आकाशच आकाश. वाइड लेन्स लांबचं लहान करते आणि जवळचं मोठं करते. म्हणून तिला जवळ काहीतरी लागतं. कासला तिची खरी जागा. गुडघे टेकून, पायवाटेवरूनच, तेरड्याच्या किंवा सीतेच्या आसवांच्या वीतभर जवळ लेन्स न्यायची, मागे पठार आणि ढग येऊ द्यायचे. संधान दरीतही तीच लागते, कारण तिथे दोन्ही भिंती अंगावर येतात आणि मागे सरकायला जागा नसते.

कड्यावरून मात्र तुमची ७०-३०० काढा. सकाळी डोंगरांच्या रांगा एकामागे एक निळ्या होत जातात, त्या १०० ते १५० च्या मध्ये एकमेकींवर रचल्यासारख्या येतात. रुंद दृश्य हवं असेल तर कॅमेरा उभा धरून ३५ वर सहा-सात फोटो, प्रत्येकात तिसरा हिस्सा आधीच्याचा येऊ द्या, आणि घरी जोडा. पावसाळ्यात सकाळी दरीत धुकं आणि पाठीशी सूर्य असला तर इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य दिसतं. तेही १८-५५ मध्ये आरामात मावतं.

लँडस्केपला पैसे घालायचेच तर आधी ट्रायपॉडमध्ये घाला. कड्यावरच्या वाऱ्यात हलणार नाही असा, आणि मधला दांडा वर न काढता डोळ्यापर्यंत येईल असा.

भटकी_मुक्ता

आणि पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर! ओल्या पानांवरची चमक गेली की कासचा हिरवा खरा हिरवा दिसतो. फक्त फार वाइड लेन्सवर आकाशात एक गडद पट्टा येतो, तेव्हा काढून ठेवा.

माळटिटवी

म्हणजे जी लेन्स पक्ष्यांना कमी पडते म्हणून काढायला निघालो होतो तीच कड्यावर लागणार. मग ७०-३०० विकत नाही.

आणखी एक. एफ १६, एफ २२ ठेवलं की सगळं स्पष्ट येतं असं वाचलंय. तरी माझे फोटो मऊ का?

गणितमास्तर

छिद्र फार बारीक झालं की प्रकाश कडांवरून पसरतो. तुमच्या सेन्सरवर ८ ते ११ च्या पुढे तो पसरणं दिसू लागतं. ११ ठेवा आणि फोकस थोडा अलीकडच्या वस्तूवर घ्या. १८ मिलिमीटरला साधारण दीड-दोन मीटरवर फोकस केलात तरी त्याच्या निम्म्या अंतरापासून क्षितिजापर्यंत सगळं स्वीकारण्याजोगं स्पष्ट येतं.

सावंतवाडीकर

कोणी बुरशीबद्दल बोलत नाही. माझं नुकसान झालंय म्हणून कळकळीने सांगतो. आंबोलीत आठवडाभर रात्री बेडकांचे फोटो काढून आलो, बॅग तशीच कपाटात ठेवली. गणपतीत उघडली तर मॅक्रो लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. दुरुस्तीला दिली, तिथून आली ती फोकस डळमळीत होऊन. पैसे गेलेच, एक हंगामही गेला.

आता हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत निळी सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. काटा ४० ते ५० मध्ये हवा. जेल गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर परतायची, पुन्हा निळी होते. आमच्याकडे जुनी माणसं कपाटात बारीक बल्ब पेटता ठेवायची, तत्त्व तेच. चामड्याच्या बॅगेत लेन्स पावसाळाभर कधीच ठेवू नका. आणि सेकंडहँड घेताना लेन्सच्या मागून मोबाईलचा टॉर्च मारून समोरून बघा. धुळीचे दोन कण चालतात, धागे दिसले तर उठून या.

चंद्रपूरकर

सावंतवाडीकर, तुमच्याकडे ओल, आमच्याकडे धूळ. जिप्सीत लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. सेन्सरवर लाल माती बसते. दोन बॉडी असतील तर एकीवर मोठी, एकीवर छोटी. कॅमेऱ्यावर उशीचा अभ्रा किंवा ओला करून पिळलेला दुपट्टा टाका, धूळही अडते आणि तापतही नाही. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या गाभ्यात, मोबाईलला बंदी आहे, त्यामुळे जवळचा फोटो मोबाईलवर घेऊ असा हिशोब करू नका.

ट्रायपॉड जिप्सीत उघडत नाही. बीन बॅग लागते. दुकानातून आणायची गरज नाही. जुन्या जीन्सचा एक पाय कापा, दोन्ही टोकं शिवा, एका टोकाला चेन लावा. रिकामी घेऊन या, इथे उतरल्यावर दोन-अडीच किलो तांदूळ भरा, जाताना राहिलात त्या घरी देऊन जा. जिप्सीच्या दांड्यावर ठेवून १/२५० सेकंदाच्या शटरलाही ५०० स्थिर राहते. फक्त ड्रायव्हरदादांना इंजिन बंद करायला सांगा आणि सोबतच्यांना हलू नका म्हणून विनंती करा.

निवृत्त_शिक्षक

तांदळाची कल्पना फार आवडली. नातवाची जीन्स मागून घेतो.

गवताळ

थोडं कटू लिहितो. या धाग्यात आतापर्यंत "जवळ" हा शब्द खूप आला.

मी इंदापूर-बारामतीच्या माळांवर पंधरा वर्षं फिरतोय. लांडग्याचा फोटो मिळावा म्हणून गाड्या रस्ता सोडून गवतात घालतात. त्याच गवतात धाविक, चंडोल, टिटवी जमिनीवर अंडी घालतात. मागच्या उन्हाळ्यात टायरच्या खुणेत चंडोलाचं घरटं पाहिलं. चारापैकी एक अंडं शाबूत होतं. ज्या गाडीने हे झालं तिच्यात बसलेल्यांकडे उत्तम लेन्स असतील.

मोठी लेन्स जवळ जाण्यासाठी नसते, लांब राहण्यासाठी असते. गणितमास्तरांचे बारा मीटर प्राण्याला परत द्या. घरट्याचे फोटो नकोत, मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं नको, आणि लांडग्याच्या घळीची जागा फोटोसोबत लिहू नका. खाडीकाठ म्हणतात तसं तो स्वतःहून आला तर ती गोष्ट वेगळी.

खाडीकाठ

पूर्ण सहमत. थांबणं आणि मागे लागणं यात फरक आहे.

गणितमास्तर

बारा मीटर परत द्या. हे मला सुचायला हवं होतं.

घाटवळण

माळटिटवी, शेवटचं. विकत घेण्याआधी भाड्याने घ्या. पुण्यात-मुंबईत लेन्स भाड्याने मिळतात, ओळखपत्र आणि अनामत लागते. ताडोबाला भाड्याचीच न्या. तीन दिवस तीन किलो सांभाळलं की स्वतःच ठरवाल.

माळटिटवी

तीन महिन्यांनी धागा वर काढतोय, कारण इतक्या लोकांनी वेळ दिला त्यांना काय झालं ते सांगायलाच हवं.

२००-५०० चार दिवसांसाठी भाड्याने घेतली, भाच्याची बॉडी मागून तिच्यावर ७०-३०० लावली, जीन्सचा पाय शिवला. पहिल्या सफारीत वाघ नाही, पण सकाळी सहाला रानकुत्र्यांचा कळप रस्ता ओलांडताना मिळाला. उजेड कमी, आयएसओ ३२००, बीन बॅगवर १/३२०, आणि तेरा फोटोंतले चार स्वच्छ. ५.६ ची किंमत तिथे कळली.

दुसरी सफारी दुपारची. चंद्रपूरकर, तुमचा शब्द न् शब्द खरा ठरला. पाणवठ्यापलीकडची वाघीण तासभर फक्त थरथरत होती, एकही फोटो ठेवण्यासारखा नाही. ऊन कललं, ती उठली आणि रस्त्याने सरळ आमच्याकडे. २०० लाही फक्त चेहरा मावत होता. मोठी लेन्स मांडीवर ठेवली, दुसरी बॉडी उचलली. ८५ मिलिमीटरवर पूर्ण वाघीण, मागे सागाची उघडी झाडं आणि तिच्या पावलांनी उडालेली धूळ. या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात चांगला फोटो जुन्या ७०-३०० चा आहे.

तिसऱ्या तासाला मनगट दुखलं, पण सहन होण्याइतकं. परत आल्यावर सेकंडहँड २००-५०० घेतली, टॉर्च मारून, दोन दुकानं सोडून तिसऱ्यात. सोबत टोकिना ११-१६ ची पहिली आवृत्ती. डी ७२०० च्या बॉडीत फोकस मोटर असल्यामुळे तीही ऑटोफोकस करते आणि खूप स्वस्तात मिळते. ती कासला आणि संधानला. उरलेल्या पैशांत ट्रायपॉड, डबा आणि सिलिका जेल. सगळं सव्वा लाखाच्या आत.

मागच्या आठवड्यात पावसाआधीच्या ढगांत कोकणकड्यावर गेलो. नवी वाइड बॅगेतच राहिली. १३५ वर सात रांगा मिळाल्या, शेवटची दिसते न दिसते अशी.

कोकणकडा_प्रेमी

सात! माझ्या कधी पाचच्या वर गेल्या नाहीत. फोटो टाका.

निवृत्त_शिक्षक

रानकुत्रे किती होते? नोंदीसाठी विचारतो.

माळटिटवी

सर, नऊ. त्यात तीन लहान.

खाडीकाठ

आणि ऑस्प्रे?

माळटिटवी

थंडी पडली की. त्याच नावाडीदादांना फोन केला होता. म्हणाले, पाणी वाढलं की ती काठी बुडते, पण ओसरल्यावर तिथेच वर येते आणि तो दर वर्षी तिच्यावरच बसतो. या वेळी त्यांना "जवळ घ्या" म्हणणार नाही. बांबू रोवून तीस मीटरवरच थांबायचं ठरलंय.